प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी : एका अंध मुलाचे शिक्षण आणि आपण पालक

आपल्या समाजाने देशाला मोठमोठे व्यापारी दिले, दानशूर दिले, तपस्वी साधू-साध्वी दिल्या. त्याचबरोबर काही असे विद्वानही दिले की ज्यांच्यामुळे जैन दर्शनाचा अभ्यास पाठशाळेच्या भिंती ओलांडून विद्यापीठांत पोहोचला. पंडित सुखलालजी संघवी हे त्यांतील अग्रगण्य नाव. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतरची एक्याऐंशी वर्षे त्यांनी अखंड ज्ञानसाधनेत घालविली.

ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहिण्यामागे एक विशेष हेतू आहे. पन्नास वर्षांत आपण धर्मकार्याबरोबर शिक्षणासाठीही यथाशक्ती काम केले. हुशार विद्यार्थ्यांचे सत्कार केले, शिष्यवृत्त्या दिल्या. परंतु ज्या घरात न पाहणारे, न ऐकणारे किंवा बुद्धीने मंद वाढणारे मूल आहे, त्या घरातील आईवडिलांशी त्या मुलाच्या शिक्षणाविषयी बसून बोलण्याचे काम मात्र आपल्याकडून फारसे झालेले नाही. असे बोलणे सुरू करावयाचे तर पंडितजींच्या चरित्रापेक्षा चांगला आधार आपल्याला सापडणार नाही, असे मला वाटते.

जन्म आणि बालपण

सुखलालजींचा जन्म ८ डिसेंबर १८८० रोजी सौराष्ट्रातील लीमली या लहानशा खेड्यात झाला. हे गाव आजच्या सुरेंद्रनगर जिल्ह्यात आहे. घराणे विसा श्रीमाळी वणिकांचे, संप्रदायाने स्थानकवासी. वडिलांचे नाव संघजीभाई. सुखलाल अगदी लहान असतानाच आईचे छत्र हरपले. सावत्र आईने त्यांना पोटच्या मुलाप्रमाणे माया दिली. परंतु त्यांच्या किशोरवयात तीही गेली.

मुलगा अंगाने काटक आणि स्वभावाने उत्साही होता. पोहणे, घोड्यावर बसणे, मैदानी खेळ या सर्वांत तो पुढे असे. गावच्या शाळेत गुजराती सातवीपर्यंतचे शिक्षण त्याने उत्तम रीतीने पूर्ण केले. पुढे इंग्रजी शिकावे अशी त्याची इच्छा होती. पण त्या काळच्या वणिक कुटुंबात मुलगा हिशेब लिहू-वाचू लागला की दुकानात बसायचा, हा रिवाज. हुशार मुलगा धंद्याला लवकर उपयोगी पडावा, असे वडिलांना वाटले आणि सुखलाल दुकानात बसू लागला. तेथेही त्याने चांगली चुणूक दाखविली. रीतीप्रमाणे सगाई झाली होती, लग्नाच्या गोष्टी चालू होत्या. काही कारणाने लग्न थोडे पुढे ढकलले गेले इतकेच. त्या काळच्या कुटुंबाने मुलाविषयी जी जी स्वप्ने पाहावीत, ती सर्व पुरी होण्याच्या मार्गावर होती.

दृष्टी गेली

१८९६ च्या सुमारास सुखलालला देवी आल्या. आजच्या पिढीला देवी हा रोग ठाऊक नाही, कारण १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. परंतु त्या काळी हा रोग गावेच्या गावे उद्ध्वस्त करी, आणि जे वाचत त्यांतील कित्येकांचे डोळे घेऊन जाई. सुखलालचा जीव वाचला. दोन्ही डोळे गेले.

पुढच्या गोष्टी ओघानेच घडल्या. ठरलेले लग्न झाले नाही. सुखलालजी आजन्म अविवाहित राहिले. दुकानातील जागा गेली. कालपर्यंत जो घराचा आधार होणार होता, तो आज घराची चिंता होऊन बसला. वडिलांचे आणि भावांचे प्रेम काही कमी झाले नव्हते. घरात अन्नवस्त्राची ददात नव्हती. परंतु या मुलाचे आता करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणाजवळही नव्हते. घरच्यांनी त्याला सांभाळायचे आणि त्याने बसून राहायचे, यापलीकडे कोणाला काही सुचणे कठीण होते.

याचा दोष आपण त्या कुटुंबाला देऊ शकत नाही. फ्रान्समध्ये लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी १८२४ मध्येच तयार केली होती. पण आपल्या देशात अंधांची पहिली शाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे काढली ती १८८७ साली. मुंबईत अशी पहिली शाळा १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या मिलार्ड बाईंनी सुरू केली आणि १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. भारतीय भाषांसाठी सर्वमान्य भारती ब्रेल तर १९५१ मध्ये आली. म्हणजे १८९६ साली लीमलीतील एखाद्या वडिलांना आपल्या मुलासाठी काही करावेसे वाटले असते, तरी कोणाला विचारावे हेही त्यांना कळले नसते.

उपाश्रयातील आठ वर्षे

पहिले काही दिवस सुखलाल पार खचून गेला. मग हळूहळू त्याची पावले उपाश्रयाकडे वळू लागली. गावात येणारे साधुमहाराज आणि साध्वीजी यांच्याजवळ बसून तो ऐकू लागला. स्तवने, सज्झाय, सूत्रे, थोकडे, जे कानी पडेल ते पाठ करू लागला. डोळे होते तेव्हा जी स्मरणशक्ती दुकानाच्या हिशेबात खर्च होत होती, ती आता शास्त्राच्या कामी आली. संस्कृत येणारे कोणी महाराज भेटले की त्यांच्याकडून तो संस्कृतचे पाठ घेई.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपले आगम मुळात कानानेच जपले गेले. गुरूंनी सांगायचे, शिष्यांनी ऐकून धारण करायचे, असे शतकानुशतके चालले. वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली ते वलभी येथे ग्रंथारूढ झाले; आणि वलभीही त्याच सौराष्ट्रातील. श्रुत या शब्दाचा अर्थच मुळी ऐकलेले असा आहे. ज्या परंपरेत ज्ञान कानाने येते, तिथे डोळे गेलेल्या मुलालाही जागा होती. सुखलालला विशेष शाळा मिळाली नाही, पण नकळत त्याला योग्य अशी पद्धत मिळाली. मूल ज्या वाटेने शिकू शकते ती वाट शोधून तिनेच त्याला शिकविणे, हेच तर विशेष शिक्षणाचे मर्म आहे.

या वर्षांत काही आडवाटाही आल्या. एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवून दाखविण्याची अवधानविद्या त्यांनी अभ्यासिली. मंत्रतंत्राकडेही काही काळ मन ओढले गेले. परंतु अवधानाने लोक थक्क होतात, ज्ञान मात्र वाढत नाही, आणि मंत्रांनी जे मिळेल असे सांगतात ते मिळत नाही, हे त्यांना लौकरच उमगले. दोन्ही गोष्टी त्यांनी सोडून दिल्या.

काशीला जाण्याचा निश्चय

त्या सुमारास मुनिश्री धर्मविजयजी, म्हणजे पुढे आचार्य विजयधर्मसूरी म्हणून विख्यात झालेले महाराज, यांनी काशी येथे यशोविजय जैन पाठशाळा काढली होती. जैन विद्यार्थ्यांना संस्कृत व न्यायशास्त्राचे उच्च शिक्षण मिळावे हा तिचा उद्देश. सुखलालजींच्या कानावर ही वार्ता आली आणि त्यांच्या मनाने घेतले की आपण तेथे जायचे. घरी आधी काही न बोलता त्यांनी महाराजांशी पत्रव्यवहार केला आणि प्रवेशाची संमती मिळविली. मगच त्यांनी घरात विषय काढला.

घरच्यांनी साहजिकच विरोध केला. काशी म्हणजे शेकडो कोसांचा प्रवास. परका मुलूख, परकी भाषा, परके अन्न. डोळस माणूसही जेथे जायला बिचकेल, तेथे हा अंध मुलगा कसा राहणार, त्याचे हवे-नको कोण पाहणार, आजारी पडला तर काय, असे सर्व प्रश्न घरात उभे राहिले. या प्रश्नांत प्रेमच होते. पण या प्रेमापुढे मान तुकवून सुखलालजी घरी राहिले असते तर पंडित सुखलालजी झाले नसते, हेही तितकेच खरे. ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. अखेर घरच्यांनी परवानगी दिली आणि १९०४ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी एका सोबत्याबरोबर ते काशीस पोहोचले.

घरच्यांनी नाइलाजाने का होईना, शेवटी होकार दिला, याचे मोल मला फार मोठे वाटते. संघजीभाईंच्या घराने आपली भीती बाजूला ठेवली, यात त्या घराचेही पुण्य आहे. फक्त एक खंत वाटते. हा विषय घरात मुलाला स्वतः काढावा लागला. समाजातील कोणी जाणता माणूस त्या घरी जाऊन बसला असता आणि वडिलांशी चार गोष्टी बोलला असता, तर कदाचित ही आठ वर्षे दोनच झाली असती.

विद्याभ्यास आणि परीक्षा

काशीत सुखलालजींनी व्याकरणापासून आरंभ केला. हेमचंद्राचार्यांचे सिद्धहेमशब्दानुशासन, त्याच्या अठरा हजार श्लोकप्रमाण बृहद्वृत्तीसह, त्यांनी तीन वर्षांत आत्मसात केले. बहुतांश भाग मुखोद्गत केला. त्यानंतर काव्य, अलंकार, न्याय, वेदांत, मीमांसा असा अभ्यास चढत गेला. जैन विद्यार्थ्याला शिकविण्यास नाखूष असणारे पंडितही काशीत होते. अशा परिस्थितीत, तेही न वाचता केवळ ऐकून, इतकी शास्त्रे पचविणे हे काम किती कठीण असेल याची कल्पना करावी. पुढे पाठशाळेच्या व्यवस्थेशी मतभेद झाल्याने ते मित्र व्रजलालजी यांच्यासह तेथून बाहेर पडले. राहण्याची, जेवणाची, पैशाची चणचण भासली, पण अभ्यास थांबला नाही.

१९०९ च्या सुमारास ते काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयाच्या न्यायशास्त्राच्या मध्यमा परीक्षेस बसले. अंध असल्यामुळे उत्तरे लिहिण्यासाठी लेखनिक देण्यात आला. पण तो लेखनिक तयारीचा नव्हता. सांगितलेले शुद्ध लिहिणे त्याला जमेना. उत्तरे येत असूनही कागदावर उतरेनात. सुखलालजींनी गप्प न बसता ही अडचण प्राचार्य व्हेनिस यांच्या कानावर घातली. व्हेनिस साहेब स्वतः संस्कृतचे जाणकार. त्यांनी तत्काळ तोंडी परीक्षेची व्यवस्था केली, स्वतःही प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकून ते प्रसन्न झाले.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही घटना आपल्या आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. मुलाला विषय येत नाही ही एक गोष्ट आणि त्याला जे येते ते सांगण्याची सोय नाही ही दुसरी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, कारण निकालपत्रावर दोन्हींचा आकडा एकच पडतो. व्हेनिस साहेबांनी परीक्षा सोपी केली नाही, फक्त पद्धत बदलली.

काशीनंतर नव्यन्यायाच्या अभ्यासासाठी सुखलालजी मिथिलेत गेले. तेथे महामहोपाध्याय बालकृष्ण मिश्र यांच्यासारखे गुरू लाभले. या मुक्कामातील एक हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. मिथिलेतील थंडी कडाक्याची. सुखलालजींजवळ एकच गरम स्वेटर होता. तो एका गुरुजींना आवडला असे जाणवताच त्यांनी तो काढून त्यांना अर्पण केला आणि स्वतः भाताचे काड अंगाखाली-अंगावर घेऊन हिवाळा काढला. आयुष्यभर उबदार कापड विकणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकीकत विसरता येत नाही.

अध्यापन आणि ग्रंथसंपादन

शिक्षण पुरे झाल्यावर सुखलालजींनी अध्यापनास आरंभ केला. गुजरातमधील पालनपूर, पाटण आदी गावांत त्यांनी साधुमहाराजांना शिकविले. आपल्या गावाचेच नाव असलेल्या, हेमचंद्राचार्यांच्या त्या पाटणशी पंडितजींचे असे नाते आहे. अहमदाबादला गांधीजींचा आश्रम सुरू झाला तेव्हा ते तेथेही काही काळ राहिले आणि गांधीजींबरोबर जात्यावर दळावयास बसले. अंध म्हणून कोणतेही काम टाळायचे नाही, हा धडा ते स्वतःलाच देत होते. पुढेही आपली कामे आपण करणे, गरजा कमी ठेवणे आणि वेळेचा काटेकोर हिशेब ठेवणे, ही शिस्त त्यांनी कधी मोडली नाही.

१९२२ मध्ये ते गुजरात विद्यापीठात अध्यापक झाले. तेथे त्यांनी पंडित बेचरदास दोशी यांच्या साहाय्याने सिद्धसेन दिवाकरांच्या सन्मतितर्क या ग्रंथाचे, अभयदेवसूरींच्या विस्तृत टीकेसह, पाच भागांत संपादन केले. हे कार्य अनेक वर्षे चालले. निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ कोणी तरी वाचून दाखवायचे, पंडितजींनी ते ध्यानात ठेवून ताडून पाहायचे आणि योग्य पाठ निश्चित करायचा, असा हा क्रम. आपल्या पेढीवर दोन वह्यांचा मेळ घालताना आपण किती वेळा चष्मा पुसतो! येथे तर सगळा मेळ मनातल्या मनात घालायचा होता.

पन्नाशी गाठल्यावर त्यांनी इंग्रजी शिकण्यास सुरुवात केली आणि त्यासाठी शांतिनिकेतनात काही काळ वास्तव्य केले. लहानपणी राहून गेलेली इच्छा त्यांनी अशी पुरी केली. १९३३ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांच्या काशी हिंदू विद्यापीठात ते जैन दर्शनाचे अध्यापक झाले. ज्या शहरात कधी काळी त्यांना शिकविणारा पंडित मिळणे कठीण होते, त्याच शहरात आता विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. प्रमाणमीमांसा, जैनतर्कभाषा, ज्ञानबिंदू असे ग्रंथ त्यांनी येथे संपादिले. तत्त्वार्थसूत्रावरील त्यांचे विवेचन तर आजही पाठशाळांतून अभ्यासले जाते.

या कामात त्यांना वाचून दाखविणाऱ्यांची साथ मिळाली. पंडित दलसुखभाई मालवणिया हे त्यांच्याकडे वाचक म्हणून आले आणि त्यांचेच शिष्य होऊन स्वतः मोठे विद्वान झाले. १९४४ मध्ये पंडितजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी मालवणियाजींची नेमणूक झाली. अंध माणसाला आधार देणारा स्वतः किती घडतो, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

निवृत्तीनंतर ते मुंबईत भारतीय विद्या भवनात काही वर्षे होते आणि १९४७ नंतर अहमदाबादेत स्थायिक झाले. मुंबईच्या पर्युषण व्याख्यानमालेलाही त्यांचे अनेक वर्षे मार्गदर्शन लाभले. १९५७ मध्ये मुंबईत त्यांचा अखिल भारतीय पातळीवर सत्कार झाला. तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन अध्यक्षस्थानी होते. त्या वेळी अर्पण केलेली थैली पंडितजींनी ज्ञानकार्यासाठी देऊन टाकली. त्यांच्या लेखांचा संग्रह दर्शन अने चिंतन या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. २ मार्च १९७८ रोजी अहमदाबाद येथे, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

कर्मसिद्धांताचा खरा अर्थ

दिव्यांग मुलाच्या शिक्षणाचा विषय आपल्या समाजातील घरांत निघाला की बोलणे बहुधा एका ठिकाणी येऊन थांबते. हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ आहे, आपण काय करणार, असे म्हणून सगळे गप्प होतात. आईला तर हे आपल्याच पापाचे फळ वाटते आणि ती मुलाला लोकांपासून लपवू लागते. या ठिकाणी पंडितजींचे एक कार्य आवर्जून आठवावे. आचार्य देवेंद्रसूरींच्या कर्मग्रंथांपैकी पहिल्या चार ग्रंथांचे विवेचनासह हिंदी भाषांतर ज्यांनी केले, ते हेच पंडित सुखलालजी. डोळे गमावलेल्या या माणसाने कर्माचे शास्त्र मुळापासून अभ्यासले आणि त्यातून हात टेकण्याचा निष्कर्ष काढला नाही.

आपले शास्त्र कर्माचे आठ मूळ प्रकार सांगते. त्यांत ज्ञानावरणीय वेगळे आणि दर्शनावरणीय वेगळे. डोळ्यांनी पाहण्याला आड येणारे चक्षुदर्शनावरण हा दर्शनावरणीयाचा एक पोटभेद. म्हणजे डोळ्यांवर आवरण आले की ज्ञानावरही आले असे शास्त्र म्हणत नाही. आपण अज्ञानाने या दोन खात्यांची रक्कम एकात मांडतो. शिवाय बांधलेले कर्म जसेच्या तसे भोगल्यावाचून सुटत नाही, असेही सर्व कर्मांबाबत सांगितलेले नाही. संक्रमण, अपवर्तना, उदीरणा, उपशम, क्षयोपशम या अवस्थांचा विचार शास्त्रात सविस्तर आला आहे आणि त्या सगळ्यांत जीवाच्या पुरुषार्थाला स्थान आहे. पुरुषार्थाला जागाच नसती तर तप, स्वाध्याय आणि दीक्षा यांना तरी काय अर्थ उरला असता? मुलाचे कर्म काय होते हे आपल्याला दिसत नाही. आपले कर्तव्य मात्र स्पष्ट दिसते. मूल शिकू शकत असताना त्याला शिकू न देणे हा मात्र आपण नव्याने बांधलेला ज्ञानांतराय ठरेल.

आपण पालक आणि आपला समाज

आमच्या धंद्यात लग्नाचा बस्ता बांधायला सगळे घर दुकानात येते. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत प्रत्येकासाठी कापड निवडले जाते. कधी कधी यादीत एक माप असे असते की ज्याचा मालक सोबत नसतो. ते मूल घरी ठेवलेले असते. त्याच्यासाठी कापड चांगले, किंमतीचेच घेतले जाते. प्रेमाची कमतरता नसते. पण त्याला चारचौघांत आणले जात नाही. अशी घरे मी एक-दोन नव्हे, अनेक पाहिली आहेत, आणि ती सर्व जातिधर्मांची आहेत.

अशा पालकांशी कसे बोलावे याविषयी माझ्या अल्पबुद्धीला जे सुचते ते मांडतो. पहिली गोष्ट, बोलणे लवकर व्हावे. मूल आवाजाला वळून पाहत नाही, वयाप्रमाणे बोलत नाही, वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहते, असे दिसले की मोठे झाल्यावर सुधारेल म्हणून थांबू नये; डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. जी वर्षे लहानपणी वाया जातात ती पुढे भरून काढणे फार अवघड असते. दुसरी गोष्ट, आईला दोषी धरून बोलण्यास सुरुवात करू नये. तिसरी, मुलाला काय येत नाही याची यादी वाचण्याऐवजी त्याला काय येते ते आधी विचारावे. सुखलालजींना ऐकलेले ध्यानात राहत असे, तेच त्यांचे भांडवल झाले. कोणाचे बोट कुशल असेल, कोणाला सूर कळेल, कोणी एकच काम मन लावून तासन्‌तास करील. चिमटीत धरताच कापडाचा पोत ओळखणारे कारागीर आपण पाहतो. बोटांनाही बुद्धी असते हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

चौथी गोष्ट, पालकांना खरे तेच सांगावे. प्रत्येक अंध मूल पंडित सुखलालजी होणार नाही, जसे प्रत्येक डोळस मूल होत नाही. बौद्धिक दिव्यांग मूल कदाचित स्वतःचे कपडे स्वतः घालण्यास, पैसे ओळखण्यास, दुकानात एखादे काम नेमाने करण्यास शिकेल. आईवडिलांच्या पश्चात त्याला जगायचे आहे, त्या दृष्टीने हे शिक्षण पदवीहून कमी मोलाचे नाही. खोटी आशा दाखविली तर पालक पुन्हा नवस आणि गंडेदोरे यांच्याकडे वळतात.

पाचवी गोष्ट म्हणजे माहिती. लीमलीच्या संघजीभाईंना विचारायला कोणी नव्हते. आपल्याला ती सबब उरलेली नाही. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडून मिळते. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद आहे. सर्वसाधारण शाळेतील अशा मुलांसाठी विशेष शिक्षकांची योजना आहे. पूर्वी व्हेनिस साहेबांच्या उदारपणावर जे अवलंबून होते, ते आज हक्काने मागता येते.

तरीही आपल्या पाटण तालुक्यासारख्या डोंगरी भागात हक्क कागदावर असणे आणि तो मुलापर्यंत पोहोचणे यांत बरेच अंतर आहे. कोयनेच्या खोऱ्यात, ढेबेवाडी-मोरगिरीकडील वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या आईला मुलाला पाठीवर घेऊन तालुक्याला आणि तेथून जिल्ह्याला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. विशेष शाळा बहुतेक मोठ्या गावांत आणि शहरांत आहेत. तेथे वसतिगृहात मूल ठेवायचे म्हटले की काशीच्या वेळी सुखलालजींच्या घरी जे प्रश्न उठले, तेच आजही उठतात. त्याचे जेवण कोण पाहील, रात्री घाबरला तर काय, कोणी मारले तर काय? या प्रश्नांना उपदेश हे उत्तर नव्हे. पालकांबरोबर जाऊन ती शाळा पाहणे, तेथील शिक्षकांशी भेट घालून देणे, प्रवासखर्च उचलणे, पहिले वर्षभर दर महिन्याला चौकशी करणे, हे उत्तर आहे.

समारोप

आपला ट्रस्ट आता एकावन्नाव्या वर्षात पाऊल टाकीत आहे. माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की या वर्षापासून पाच-सहा जाणत्या भाऊ-बहिणींचा एक गट करावा. त्यात एखादे डॉक्टर, एखादी निवृत्त शिक्षिका आणि शक्य झाल्यास अशाच मुलाची एखादी आई असावी. या गटाने जातधर्म न पाहता तालुक्यातील अशा घरी जाऊन बसावे, आधी ऐकून घ्यावे आणि मग बोलावे. ज्ञानपंचमीला आपण पुस्तकांची पूजा करतो. एखाद्या मुलाच्या हाती त्याला वाचता येईल असे पुस्तक, कानाला लागेल असे यंत्र किंवा त्याला कळेल अशी पद्धत पोहोचविली, तर ती ज्ञानाची पूजा त्याहून लहान ठरणार नाही.

पंडित सुखलालजींना घर सोडून काशीला जाण्याची परवानगी मिळविण्यासाठी आठ वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या तालुक्यातील कोणत्याही मुलाला इतकी वाट पाहावी लागू नये, एवढीच जिनेश्वरांच्या चरणी प्रार्थना. लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.